ऐनावरचा कोसा

या आठवड्यात नागपूरच्या एका दुकानात एक काकू करवतकाठी साडीचा पोत चिमटीत धरून विचारत होत्या, ‘कोसा अस्सल आहे ना?’ दुकानदार विणकराबद्दल भरभरून बोलला. ज्या पतंगाचा हा धागा, त्याचं नावही कुणी काढलं नाही. कोसा म्हणजे टसर रेशीम; त्याचा हा पतंग भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. नर तांबूस, मादी पिवळसर किंवा राखाडी. चारही पंखांवर काचेसारखा पारदर्शक गोल डोळा. या पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं, त्यामुळे पंख फुटल्यावरचं जेमतेम आठवडाभराचं आयुष्य तो उपाशीच काढतो. खाणं सगळं अळीपणीच उरकलेलं! (आणि काय ती हिरवीगार, गुबगुबीत अळी!) तुतीचा रेशीमकिडा घरात, सुपात वाढतो, हा मात्र उघड्या रानात, म्हणून ढिवर समाजातली कुटुंबं कावळे, मुंग्या हाकलत ऐनाखाली राखणीला बसतात. आपण कौतुक करतो ते फक्त मागाचं. माझं मत स्पष्ट आहे: कोसा टिकवायचा तर अनुदान आधी ऐनाच्या रानाला आणि या राखणदारांना मिळालं पाहिजे, मागाला नंतर. पुढच्या वेळी साडी घेताना दुकानदाराला एवढं जरूर विचारा, हा कोसा कुठल्या रानातला?