मानेचा मान राखा!

हे वाचताना तुमची मान कुठे आहे, बघा बरं. पुढे झुकलीय? माझीही झुकायची. गेल्या मार्चमध्ये तिने मला असा इंगा दाखवला की विचारू नका.

एका सकाळी मान आखडली. 'उशीमुळे असेल' म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांत खांद्यापासून मनगटापर्यंत कळा, मधल्या बोटाला मुंग्या आणि चौथ्या दिवशी हातातला चहाचा कप थेट टेबलावर आडवा. तोही उजवा हात! आम्हा फ्रीलान्सर मंडळींना सिक लीव्ह नसते. स्टोरी दिली तर पैसे, नाही तर बाय बाय.

एक्स्पर्ट्सची मात्र कमी नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मणक्यात गॅप असणार." मावशी म्हणाली, "आमच्या मालीशवाल्या बाई एका झटक्यात शीर मोकळी करतात." आई फक्त एवढंच विचारायची, "ऑपरेशन नाही ना गं करावं लागणार?" रात्री दोन वाजता मलाही हाच प्रश्न पडायचा.

डॉक्टरांनी मान दुखऱ्या बाजूला कलवून वरून हलकंच दाबलं. बोटापर्यंत करंट! मग कोपर सरळ करत त्यांचा हात ढकलायला लावला. जोर थोडा कमी पडला. एमआरआयमध्ये कारण दिसलं : सहाव्या आणि सातव्या मणक्यामधली चकती सरकून नसेला टेकली होती.

"नस दबलीय, पण घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. सहा आठवडे बघू. मात्र हातातली ताकद आणखी कमी झाली, चालताना तोल जायला लागला, शर्टाची बटणं लावता येईनात किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी या."

सरकलेल्या चकतीचा तुकडा शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं. आणि काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही फुगलेल्या चकत्या दिसतात म्हणे! म्हणजे नुसता रिपोर्ट वाचून हाय खायची नाही.

मग गोळ्या आणि फिजिओथेरपी. व्यायाम इतके साधे की फसवणूक वाटावी. हनुवटी आत ओढायची, डबल चिन काढायची, पाच सेकंद थांबायचं. झालं! हात डोक्यावर ठेवला की कळ कमी व्हायची, म्हणून मी मीटिंगमध्येही तशीच बसायचे. लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक रचले, वेगळा कीबोर्ड घेतला, दर अर्ध्या तासाला उठायचा अलार्म लावला. स्कूटी बंद. एका खांद्यावरची जड बॅग जाऊन पाठीवर सॅक आली.

तिसऱ्या आठवड्यात मात्र धीर सुटला. कळ तशीच आणि हातातली मोठी स्टोरी दुसऱ्या कुणाला तरी गेली. त्या रात्री रडून मावशीला फोन केला, मालीशवाल्या बाईंचा नंबरही घेतला. सकाळी फिजिओला सांगितलं तर ती म्हणाली, "दबलेल्या नसेला झटका देणार? बरं वाटणं एका दिवसात मोजू नका, आठवड्यात मोजा." नंबर डिलीट केला.

पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा रात्रभर सलग झोपले. सकाळी आईने विचारलं, "कशी आहेस?" मी म्हटलं, "झोपले गं!" ती काही बोलली नाही, पण चहा मात्र माझ्या उजव्या हातात दिला. हाताचा जोर यायला आणखी दोन महिने लागले. मधल्या बोटाचं टोक अजूनही कधी कधी बधिर वाटतं.

आपल्याला सगळं 'इन्स्टंट' लागतं. नूडल्स, पिक्चरचं तिकीट, रिप्लाय. नस काही आपली डेडलाइन पाळत नाही. ऑपरेशन टळलं यात माझी बहादुरी काहीच नाही. काहींना ते लागतं आणि लागलं तर करावंच. मला फक्त वेळेवर डॉक्टर भेटले आणि रोज न कंटाळता डबल चिन काढायची अक्कल आली.

चला, आता मान वर. हनुवटी आत. अजून थोडी...

छान दिसताय!