ओव्हनचा सेन्सर खोटं बोलतोय का?

रेसिपी तीच, साहित्य तेच, टिनही तोच, पण केक वरून काळा आणि मधून कच्चा. किंवा नानकटाई अर्धा तास झाला तरी पांढरीफटक. अशा वेळी घरात पहिला संशय बेकिंग पावडरवर जातो, मग मैद्यावर, मग करणारीच्या हातावर. ओव्हनवर सगळ्यात शेवटी.

हैदराबादच्या एका वाचक ताई घरून केकच्या ऑर्डर घेतात. त्यांच्या बिल्ट-इन ओव्हनच्या स्क्रीनवर मध्येच कोड येतो, बीप वाजतो आणि ओव्हन बंद पडतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाने पाच मिनिटांत सांगितलं, ‘बोर्ड गेलाय.’ नव्या बोर्डाचा आकडा ऐकून ताई विचारतात, बोर्ड बदलू की ओव्हनच नवीन घेऊ? ताई, दोन्ही थांबवा. आधी सेन्सर तपासा. बोर्डाच्या मानाने तो अगदी स्वस्त भाग आहे.

ओव्हनचं दार उघडून आत मागच्या भिंतीकडे बघा. वरच्या बाजूला पेन्सिलीहून बारीक अशी धातूची दांडी पुढे आलेली दिसेल. बहुतेक इलेक्ट्रॉनिक ओव्हनमध्ये हाच तापमानाचा सेन्सर. काम साधं आहे. तो जसा तापतो तसा त्याचा विद्युतरोध वाढतो आणि बोर्ड त्यावरून आतलं तापमान ठरवतो. दांडी वाकून मागच्या पत्र्याला टेकली असेल किंवा कुणी फॉइल लावताना ती झाकली गेली असेल, तरी हिशोब चुकतो. हे नुसतं बघूनच कळतं.

गोल बटणं फिरवायचा ओटीजी असेल तर मात्र ही दांडी शोधू नका. त्यात थर्मोस्टॅट असतो, काहींमध्ये द्रव भरलेल्या बारीक नळीचा. तो बिघडला की थर्मोस्टॅटच बदलतात, मीटर लावून मोजायचं काही नसतं.

आधी खात्री करा

ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा, १८० अंशांवर लावा आणि अर्ध्या तासाने बघा. एकदाच बघून निकाल देऊ नका. हीटर चालू-बंद होत असतो, त्यामुळे काटा दहा-पंधरा अंश खालीवर होणारच. तीन-चार वेळा बघून सरासरी काढा. थर्मामीटर नसेल तर साखर वापरा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ओव्हन आधी पूर्ण तापू द्या, मग फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर पंधरा मिनिटं ठेवा. १७५ वर ती कोरडी राहायला हवी, १९५ वर नवी साखर घेतली की वितळायला हवी. १७५ वरच पाक झाला तर ओव्हन जास्त तापतोय. १९५ वरही कोरडीच राहिली तर कमी.

मग मीटर

इथे घाई नको. ओव्हन पूर्ण थंड हवा आणि नुसतं बटण नव्हे, त्याचा एमसीबी खाली पाडायचा. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूड्रायव्हर हातात घेऊच नका. विजेच्या कामाचा सराव नसेल तर पुढचं सगळं इलेक्ट्रिशियनकडून, पण आपल्यासमोर करून घ्या.

सेन्सर बहुधा दोन स्क्रूंवर असतो. तो हळूच पुढे ओढला की मागची वायर आणि कनेक्टर येतो. वायरला आधीच दोरा किंवा चिमटा लावा, नाहीतर ती भोकातून मागे सटकते आणि मग अख्खा ओव्हन फर्निचरमधून बाहेर काढावा लागतो. मागे काचलोकर असते, हातमोजे घाला.

कनेक्टर सोडवा आणि सेन्सरच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा. बऱ्याच ओव्हनमध्ये पीटी१००० जातीचा सेन्सर असतो, तो २५ अंशांच्या खोलीत साधारण ११०० ओहम दाखवतो. काहींमध्ये पीटी५०० असतो, त्याचा आकडा निम्मा, ५५० च्या आसपास. आकडाच आला नाही तर आतली तार तुटली. शून्याजवळ आला तर शॉर्ट. एक टोक दांडीला आणि दुसरं वायरला लावल्यावर काहीही दिसायला नको.

आकडा बरोबर वाटला तरी एक चाचणी बाकी आहे, आणि मला तीच सगळ्यात आवडते, कारण ती स्वयंपाकघरातलीच आहे. दांडीचं फक्त टोक बर्फाच्या पाण्यात धरा. पीटी१००० असेल तर १००० च्या जवळ यायला हवं. मग उकळत्या पाण्यात, तिथे १३८५ च्या आसपास. पुण्याला किंवा बेंगळुरूला पाणी शंभरच्या थोडं आधीच उकळतं, म्हणून पाच-दहा ओहम कमी दिसले तर घाबरू नका. आकडा एकसारखा चढायला हवा. मध्येच उडी मारली तर सेन्सर बदला.

सेन्सर ठीक निघाला तर कनेक्टर नीट बघा. तो काळवंडला किंवा सैल झाला की रोध वाढतो. साधारण ४ ओहम वाढले की बोर्डाला ओव्हन १ अंश जास्त गरम वाटतो. म्हणजे ४० ओहमच्या गंजापायी हीटर १० अंश आधीच बंद होतो आणि केक कच्चा राहतो. नवा सेन्सर घालूनही तक्रार तशीच राहते, ती पुष्कळदा याच जागी. हेही स्वच्छ निघालं, तरच बोर्डावर संशय घ्या. कोड न येता सगळीकडून १०-१५ अंशांचाच फरक असेल तर मॅन्युअल चाळा. पुष्कळ मॉडेलमध्ये तो सेटिंगमधून भरून काढता येतो.

गॅसवर चालणाऱ्या कुकिंग रेंजचा ओव्हन असेल तर यातलं काहीही घरी उघडू नका, माहितगार माणूस बोलवा. आणि सेन्सर काढून वायरी एकमेकींना जोडून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला चहा देऊन परत पाठवा. तसं केलं की बोर्डाला ओव्हन थंडच वाटत राहतो आणि तो तापवतच राहण्याचा धोका असतो.

नवा सेन्सर मागवताना दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर द्या, नुसता ब्रँड सांगून चालत नाही. दांडीची लांबी आणि कनेक्टर जुन्याशी ताडून बघा. आणि बसवण्याआधी त्यालाही एकदा मीटर लावा.