मोठी बोट की लहान?

रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. आई सफाई खात्यातून निवृत्त झाली. तिच्या फंडाच्या पैशातून दोघा भावांना पर्यटक फिरवायला जुनी मोटारबोट घ्यायची आहे. दोन पाहून ठेवल्यात. एक सोळा फुटी, ४० हॉर्सपॉवरची. दुसरी चोवीस फुटी, ११५ ची. धाकट्याचे मन मोठीवर गेले आहे. आई काहीच बोलत नाही, असेही पत्रात आहे. ते आम्हाला जास्त लागले.

बोटीचा प्रवास आपल्या चळवळीला नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबईहून महाडच्या परिषदेला निघाले ते 'पद्मावती' बोटीने, आणि उतरले दासगाव बंदरात. पण बोटीत बसणे वेगळे आणि ती पोसणे वेगळे.

आधी पेट्रोल. पूर्ण वेगात ४० ची फोर-स्ट्रोक मोटार तासाला बारा-पंधरा लिटर पिते, ११५ ची पस्तीस-चाळीस. टू-स्ट्रोक असेल तर त्याहून अधिक, वर ऑइलचा खर्च. मोठीत माणसे जास्त बसतील हे खरे, पण शनिवार-रविवार सोडून ती येणार कुठून? पावसाळ्यात तर धंदा बंदच. तेव्हा लहान बोट चार-सहा जणांनी मिळून वर ओढता येते. मोठीला ट्रॅक्टर किंवा क्रेन बोलवा, त्याचे भाडे भरा.

म्हणून आमचे मत लहान बोटीकडे. मात्र खाडीतच फिरवणार असाल तर. खाडीच्या तोंडाबाहेर, उघड्या समुद्रावर न्यायची असेल तर सोळा फुटी बोटीत परकी लेकरे बसवू नका.

आणि खरे सांगायचे तर लांबीपेक्षा बोटीची हालत मोठी. मोटार जिच्यावर टांगतात ती मागची फळी आधी पाहा. वरून फायबर असते, पण जुन्या बोटीत आत बहुधा प्लायवूड असते आणि ते कुजते. नाण्याने ठोकत जा. टणक आवाज बदलून बद्द झाला तर समजा पाणी शिरले आहे. मग मोटार धरून वरखाली हलवा. फळी लवली की तिथून परत फिरा. मोटार गार असतानाच सुरू करायला लावा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे, नाहीतर थंड करणारे पाणी फिरत नाही. खालच्या गिअरचे ऑइल थोडे काढून बघा. दुधासारखे दिसले तर आत पाणी आहे. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, त्याची मजुरी वाचवू नका.

कागद मेरीटाइम बोर्डाच्या कार्यालयात जाऊन तपासा. नोंदणी, सर्वेक्षणाचा दाखला, त्यावरची प्रवासीसंख्या. तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. जितकी माणसे तितकी लाइफ जॅकेटे, त्यांचा खर्च बोटीच्या किमतीतच धरा. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या बोटीची धडक बसून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' बुडाली, तेव्हा अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते.

फंडातले सगळे पैसे घालू नका. आईच्या औषधपाण्याचे आधी बाजूला काढा. बोटीच्या नोंदणीत तिचे नाव घाला. आणि येत्या रविवारी दोन्ही बोटी पाहायला तिलाही घेऊन जा, तिला काय वाटते ते विचारा. मग पुन्हा पत्र पाठवा. जयभीम.