क्रमांक बदलला म्हणजे प्रगती झाली?

दरवर्षी वस्तूवर नवा क्रमांक छापायचा, जुना क्रमांक वापरणाऱ्यास मागासलेला ठरवायचे आणि या कृत्रिम असमाधानालाच ‘मागणी’ म्हणायचे, ही भांडवली बाजाराची जुनी रीत आहे. उत्पादक हा वस्तूबरोबर तिची गरजही निर्माण करीत असतो, असे गालब्रेथ यांनी १९५८ मध्येच सांगून ठेवले होते. गेम खेळण्यासाठी घेतला जाणारा लॅपटॉप हे त्याचे आजचे ठळक उदाहरण होय. ‘दोन-तीन वर्षांचा लॅपटॉप काढून टाकून नवा घ्यावा काय?’ हा प्रश्न आता धाराशिव, कळंब, उमरग्याच्या घरांतही विचारला जातो. त्याला क्षुल्लक म्हणून झिडकारणे चुकीचे ठरेल.

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतील की, असल्या खेळांचा निषेध करावा आणि मोकळे व्हावे. हे मत मला मान्य नाही. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी लढलेल्या चळवळीने फुरसत आणि करमणूक हा कष्टकऱ्यांच्या मुलांचाही हक्क आहे, हे विसरता कामा नये. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. आपला आक्षेप खेळाला नाही, खेळाच्या नावाने चालणाऱ्या लुटीला आहे.

ही लूट आकड्यांतच पाहावी. लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०७० या ग्राफिक्स कार्डात ४,६०८ कोअर आणि ८ जीबी मेमरी होती. २०२५ मध्ये आलेल्या लॅपटॉपच्या ५०७० मध्येही कोअर तेवढेच आणि मेमरीही ८ जीबीच! मेमरीचा वेग वाढला, रचना सुधारली, हे खरे. परंतु क्रमांकाने सुचविलेली झेप त्यात नाही. याच नावाच्या डेस्कटॉप कार्डात मात्र ६,१४४ कोअर आणि १२ जीबी मेमरी असते. नाव एक आणि माल दोन! एखाद्या किराणा दुकानदाराने असे केले तर आपण वजनमापे खात्याकडे तक्रार करू. शिवाय एकाच नावाचे कार्ड निरनिराळ्या लॅपटॉपमध्ये निरनिराळ्या वॅटवर चालते. लॅपटॉपच्या ४०६० ची मर्यादा ३५ पासून ११५ वॅटपर्यंत होती. मालाची खरी ताकद ठरविणारा हा आकडा जाहिरातीत ठळकपणे क्वचितच आढळतो.

‘चौपट फ्रेम’ या घोषणेचेही तसेच. नव्या पिढीचे कार्ड एका खऱ्या फ्रेममागे अनेक कृत्रिम फ्रेम घालू शकते. चित्र सफाईदार दिसते, पण खेळणाऱ्याच्या बोटाला मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. जास्त नोटा छापल्याने धान्य वाढत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

आणि हे यंत्र वापरायचे कोठे? मराठवाड्यात! उन्हाळ्यात पारा चाळिशीपुढे जातो आणि तापलेले यंत्र आपणहून वेग कमी करते. वीज गेली की बॅटरीवर कार्डाची ताकद आणखी घटते. लाखाचा माल ऐन वेळी निम्म्या ताकदीचा ठरला, तर तो तोटा कोणाच्या खाती मांडायचा?

किंमत एक लाख रुपये धरू. त्यात १८ टक्के दराने सुमारे सव्वापंधरा हजार रुपये जीएसटीचेच. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे हे सुमारे १९ क्विंटल सोयाबीन झाले, तेही हमीभाव पदरात पडला तर. नीती आयोगाने २०१८ मध्ये ज्या जिल्ह्याला ‘आकांक्षित’ म्हटले, तेथे हा हिशेब मांडल्यावाचून गत्यंतर नाही. ‘बिनव्याजी हप्त्या’चे आमिष तर निव्वळ शब्दच्छल आहे; शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

मग कसोटी कोणती? जे गेम प्रत्यक्ष खेळायचे आहेत ते आजच्या यंत्रावर चालतात काय, ही पहिली. चालत नसतील तर दोष कशाचा, ही दुसरी. रॅम ८ जीबीच असेल तर ती वाढवावी, जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवावी, पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० हून अधिक फ्रेम त्यावर दिसणारच नाहीत. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल किंवा त्याची मेमरी ४ जीबीवर अडली असेल आणि हवे ते गेम त्यामुळे चालत नसतील, तरच नवा लॅपटॉप घेणे समर्थनीय ठरते. ४०७० वरून ५०७० वर जाणे ही बहुतेकांच्या बाबतीत उधळपट्टीच होय.

परंतु केवळ ग्राहकाला शहाणपण शिकवून भागणार नाही. कार्डाचे वॅट आणि मोजलेली कामगिरी खोक्यावर छापणे, तसेच सुटे भाग ठराविक वर्षे पुरविणे, ही कायदेशीर सक्ती झाली पाहिजे. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ काढले. पण हक्क संकेतस्थळाने मिळत नसतो, तो कायद्याने आणि संघटित आग्रहाने मिळतो. तो आग्रह धरणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.