काकूंच्या मॅडम होतात तेव्हा

घरगुती फराळाच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा पारा ओळखणं सोपं आहे. ऑर्डर देताना मी ‘काकू’ असते. डबा पोचल्यावर ‘काकू, अगदी आईच्या हातची चव’ असते. चकली मऊ पडली की मी ‘मॅडम’ होते. मॅडम झाले की पुढचा मजकूर मला पाठ आहे, तरी गेल्या दिवाळीतला एक नमुना देते, कारण त्यात सगळा मसाला एका ठिकाणी सापडतो. ‘मॅडम, चकल्या वातड आहेत. आजच्या आज पूर्ण बॉक्सचे पैसे परत आले नाहीत तर सोसायटीच्या सगळ्या ग्रुपवर टाकीन, तुमच्याकडे अळ्या निघाल्या म्हणून सांगीन. गुगलवर एक स्टार देईन. एफडीएला कळवीन, ग्राहक कोर्टात खेचीन. माझा मेहुणा पोलिसात आहे. तुम्ही कुठे राहता ते मला माहीत आहे.’ सोबत फोटो. फोटोत चकल्यांच्या शेजारचा बेसनाच्या लाडवांचा खण साफ रिकामा. लाडू बहुधा वातड नव्हते.

असा निरोप आला की घरात लगेच दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष लोटांगण घालणाऱ्यांचा. ‘देऊन टाक गं, नको तो वाद, धंद्यात चालायचंच.’ उद्योजिकांच्या ग्रुपवर हाच सल्ला हात जोडलेल्या चित्रासह मिळतो. दुसरा पक्ष बाह्या सरसावणाऱ्यांचा, आणि त्यात घरातले झाडून सगळे पुरुष. वर्षभर भाजणी दळून आणायला ज्यांना वेळ नसतो, ते यजमान, दीर आणि चुलत पुतणे त्या क्षणी हात पुढे करतात: ‘मला दे तो फोन, मी बघतो त्याच्याकडे.’ पुतण्या तर एका मिनिटात इंग्रजीतून गुळगुळीत दिलगिरी तयार करून आणतो. त्यात चकलीचा उल्लेख नसतो, धमकीचा नसतो, फक्त ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल’ अतोनात खेद असतो. गैरसोय कसली? त्या माणसाने माझ्या घरावर येण्याची भाषा केली आहे आणि आम्ही त्यालाच सॉरी म्हणायचं!

या दोन्ही पक्षांना एक साधी गोष्ट दिसत नाही. त्या निरोपात दोन निरोप आहेत. एक तक्रार आहे आणि एक धमकी आहे. तक्रारीला उत्तर देणं माझं कर्तव्य आहे, धमकीला भीक न घालणं हेही कर्तव्यच आहे, आणि एकाचा हिशेब दुसऱ्यात मिसळला की दोन्हीकडे घोटाळा होतो. लोटांगणवाले धमकी ऐकून तक्रार न तपासता पैसे देतात. बाह्यावाले धमकी ऐकून खरी तक्रारही धुडकावतात. दोघांच्याही मते चकली वातड होती की नव्हती हा मुद्दाच नाही. मला मात्र तोच पहिला मुद्दा वाटतो, कारण चकली मी तळली आहे.

म्हणून आधी तो मजकूर निवडायला बसायचं, तांदूळ निवडतात तसा. एक स्टार देईन? जरूर द्या, तो तुमचा हक्क आहे. खरा अनुभव लिहिणाऱ्याला कोणी रोखू शकत नाही आणि रोखूही नये. एफडीएला कळवीन? कळवा. माझ्या पाकिटावर नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक त्याचसाठी छापलेला असतो. ज्यांच्या पाकिटावर तो नाही त्यांनी गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडण्याआधी नोंदणी करावी. ग्राहक कोर्टात खेचीन? यात तर मला धमकीच दिसत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करायची सोय दिली आहे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. नागपूरच्या गिऱ्हाइकाने डोंबिवलीच्या फराळवालीला नागपूरच्या जिल्हा आयोगात उभं केलं तर ते कायद्याला धरूनच आहे. आमच्या व्यवसायातल्या बायका हे ऐकून ‘बाई गं, अन्याय!’ म्हणतात. अन्याय कसला? कुरिअरने माल नागपूरला पाठवताना नाही वाटला तो लांब?

उरलेलं मात्र वेगळ्या डब्यात टाकायचं. ‘पैसे द्या, नाहीतर अळ्या निघाल्या म्हणून सांगीन’ याला तक्रार म्हणत नाहीत. 1860 च्या दंडविधानात खंडणी म्हणजे काय हे समजावताना पहिलंच उदाहरण दिलं होतं ते बदनामीकारक मजकूर छापण्याची भीती घालून पैसे काढणाऱ्याचं. इंग्रज गेले, 1 जुलै 2024 पासून ते दंडविधानही गेलं, पण हे उदाहरण भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये तसंच बसलेलं आहे, आणि शिक्षा आता सात वर्षांपर्यंत आहे. यातली खोच लोटांगण पक्षाने नीट ऐकावी: खंडणीचा गुन्हा पूर्ण होतो तो समोरच्याने भिऊन पैसे दिल्यावर. म्हणजे ‘देऊन टाक गं’ म्हणणाऱ्या मैत्रिणी त्या माणसाला त्याचा गुन्हा पूर्ण करायला मदत करत असतात.

‘तुम्ही कुठे राहता ते माहीत आहे’ हे वाक्य तर धूर्तपणे लिहिलेलं असतं. विचारलं तर म्हणायला मोकळे, ‘पार्सल परत आणून द्यायचं होतं.’ पण मेहुण्याच्या पोलिसी खात्याशेजारी ते का बसलं आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याचा धाक घालून माणसाला घाबरवणं, याला कलम 351 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जिवे मारण्याची, जाळपोळीची किंवा बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. नाव लपवून दिली तर वर आणखी दोन. बायकांच्या व्यवसायाला रात्री अकरानंतर येणारे निरोप ज्यांनी वाचले आहेत त्यांना चारित्र्याचा उल्लेख कायद्यात का आला हे सांगायला नको.

मग उत्तर काय द्यायचं? मी दिलेलं उत्तर असं होतं: ‘आपला निरोप मिळाला. चकल्या वातड असल्याची तक्रार नोंदवली आहे. पाकिटावरच्या तारखेचा फोटो पाठवा आणि उरलेल्या चकल्या ठेवा, माझा माणूस घेऊन जाईल. पाहून उद्या संध्याकाळपर्यंत निर्णय कळवते. घराच्या पत्त्याबद्दल, अळ्यांबद्दल आणि आपल्या मेहुण्यांबद्दल आपण जे लिहिलं आहे ते जपून ठेवलं आहे.’ बस. शेवटच्या वाक्यात विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही, ‘याद राखा’ नाही. त्या वाक्याने समोरच्याची रात्र जितकी खराब होते तितकी शिव्यांनी होत नाही.

बाह्या सरसावणाऱ्यांना हे मिळमिळीत वाटतं. त्यांना ‘मानहानीचा दावा ठोकू’ लिहायचं असतं, ‘तुझ्या ऑफिसात येऊन बघतो’ लिहायचं असतं. लिहा की. कलम 351 दुकानदार आणि गिऱ्हाईक असा भेद करत नाही. तुम्ही तोंड टाकलंत की कालपर्यंत एकाच बाजूला असलेला पुरावा दोन्ही बाजूंना होतो, आणि पोलीस चौकीतला हवालदार दोघांनाही बाकावर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणतो. त्याचं तरी काय चुकलं?

पुरावा जपणं हा या सगळ्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा भाग. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला निरोप पाठवणाऱ्याला दोन दिवसांहून अधिक काळ सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतो. राग उतरला की शूरवीर पहिलं हेच करतात. तेव्हा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ताबडतोब काढायचा, पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवायचं, आणि मूळ निरोप फोनमध्ये असेल तर तो फोन विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही. नवऱ्याला फॉरवर्ड करून स्वतःचा पुसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, ‘नको ती घाण फोनमध्ये’ म्हणून. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा मजकूर न्यायालयात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळच नसेल तर कशाचं प्रमाणपत्र देणार?

चौकीत गेलात की बहुतेक वेळा एनसी लिहून घेतात, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करत नाहीत. म्हणून ‘एनसीने काय होतं?’ असं शहाणे लोक विचारतात. तारखेची नोंद होते, हे होतं. उद्या तोच माणूस दारात आला तर आजचा कागद बोलतो. आणि तो खरंच दारात आला तर उत्तर-बित्तर लिहीत बसायचं नाही, कडी लावून 112 फिरवायचा. अशा वेळी आपल्याला स्वतःचाच जीव दिसतो, पण धमकीचा पहिला फटका खातो तो डबे पोचवणारा पोरगा. ज्या पत्त्यावरून धमकी आली आहे तिथे चकल्या परत आणायला त्याला एकट्याला पाठवणारी मालकीण माझ्या मते त्या गिऱ्हाइकाइतकीच बेजबाबदार आहे. मी वॉचमनच्या केबिनपर्यंतच माणूस पाठवला, तोही जोडीने.

हे सगळं होईपर्यंत चकल्या आल्या. वातड होत्या का? त्यातल्या काही होत्या. कुरिअरवाल्याने खोका पावसात ठेवला असावा. चकलीचे पैसे परत गेले, चकलीचेच. लाडवांचे नाही, शंकरपाळ्यांचे नाही, धमकीचे तर नाहीच. सोबत कशाचे किती हे लिहून दिलं. एक स्टार आला. त्याखाली मी घडलेलं चार ओळींत लिहिलं, नाव न घेता. अळ्यांचं प्रकरण मात्र सोसायटीच्या ग्रुपवर आलं नाही. ‘जपून ठेवलं आहे’ हे वाक्य वाचलं असावं.

मला खरा संताप येतो तो धमकी देणाऱ्याचा नाही. तो एक रिकामा माणूस. संताप येतो तो धमकी ऐकून तत्परतेने पाकीट उघडणाऱ्या धंदेवाल्यांचा. त्याच दिवाळीत एका आजींचे अनारसे पार चुरा होऊन पोचले होते. त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मुलीने सहज फोनवर सांगितलं म्हणून कळलं. आजी म्हणाल्या होत्या, ‘एवढ्या लांबून पाठवलं बिचारीने, कशाला बोलायचं?’ आता ज्या दुकानात ओरडणाऱ्याला पूर्ण डब्याचे पैसे आणि गप्प बसणारीला चुरा मिळतो, ते दुकान भल्या माणसाला लुटून गुंडाला पोसतं. त्याला ग्राहकसेवा म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि ते ‘ग्राहक हाच आपल्या दुकानातला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा’ छापाचं गांधीजींच्या नावाचं वचन, जे बँकांपासून वाण्यापर्यंत सगळीकडे टांगलेलं असतं? त्याखाली बहुतेक ठिकाणी 1890 साल आणि दक्षिण आफ्रिका लिहिलेली असते. 1890 मध्ये गांधी लंडनमध्ये वकिली शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत ते 1893 मध्ये पोचले. भक्तिभावाने फ्रेम करताना कोणीही तारीख तपासली नाही. आपली ग्राहकभक्ती एकूण याच दर्जाची आहे: भिंतीवर देव, काउंटरखाली ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

तो दुसरा फलक आमच्याही बायकांना फार प्रिय. 2019 च्या कायद्यात सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणं हीसुद्धा. बिल! फराळाच्या किती ऑर्डरींना बिल जातं? ‘घरचंच तर आहे’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आणि जीपेवर पैसे. मग भांडण झालं की कोणी काय मागवलं, किती दिवस टिकेल असं सांगितलं, कशाचे किती, काहीच कागदावर नाही. अशा गोंधळात सज्जनही आवाज चढवतो, कारण ऐकून घ्यायला दुसरी जागाच आपण ठेवलेली नसते.

महाराष्ट्रात ग्राहकाची बाजू भांडून उभी केली ती वेगळ्या माणसांनी. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा यायला तेव्हा अजून दहा-बारा वर्षं होती. ती माणसं पावती, वजन आणि दर घेऊन भांडली. मेहुण्याच्या नोकरीवर भांडण चालवणाऱ्यांनी त्यांचं नाव घेऊ नये.

तेव्हा बायांनो, यंदा ऑर्डर घ्यायच्या आधी बिलबुक छापून घ्या आणि त्यावर पदार्थ, तारीख, टिकण्याची मुदत आणि परतीची अट लिहा. धमकीला एका ओळीपेक्षा जास्त देऊ नका. पण आयोगाची नोटीस आली तर तीस दिवसांत लेखी उत्तर द्या. वाढवून मिळतात ते फक्त आणखी पंधरा, त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि गिऱ्हाइकांनो, चकली वातड निघाली तर खुशाल भांडा. आयोगाचा दरवाजा उघडा आहे, पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही. माझ्या घरचा पत्ता मला सांगायची गरज नाही, तो मला पाठ आहे.