मे महिन्याचे वाळवंट आणि एक रोल फिल्म

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही उन्हाळ्यात आपल्याला किनारा असतो. गोदावरीचे पाणी ओसरले की गंगाखेडसारख्या ठिकाणी वाळू उघडी पडते. सकाळ-संध्याकाळ आंघोळीला माणसे येतात, म्हशी पाण्यात बसून राहतात, भोई जाळी वाळत घालतात, वाळूत टरबूज-खरबुजाचे वेल पसरतात. भूगोलाच्या पुस्तकात ‘वाळवंट’ म्हणजे सहारा. नदीकाठच्या माणसाचे वाळवंट मात्र हे. या वाळवंटाची छायाचित्रे कृष्णधवल फिल्मवर घेणे हा पदार्थविज्ञानाचा एक उत्तम प्रयोग आहे आणि नदीकाठच्या प्रत्येक माध्यमिक शाळेने तो दरवर्षी एकदा करावा, असे माझे मत आहे.

खिशातल्या मोबाइलवर क्षणात रंगीत चित्र मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. परंतु मोबाइल प्रकाश किती घ्यायचा हे आपणच ठरवतो, ऊन-सावलीतील तफावत आपणच सावरतो. चित्र चांगले येते, पण ते का चांगले आले हे घेणाऱ्याला कळत नाही. फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यात हे सारे आपल्याला ठरवावे लागते, आणि तेही बटण दाबण्यापूर्वी.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक असतात. ज्यांवर पुरेसा प्रकाश पडला त्यांचे डेव्हलपर काळ्या चांदीत रूपांतर करतो. उरलेले स्फटिक हायपोच्या द्रावणात विरघळून जातात. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये शोधला आणि १८३९ मध्ये तो छायाचित्रे टिकविण्याच्या कामी आला. तेव्हा फिल्मवर किती प्रकाश पडला हाच सारा प्रश्न. १०० आयएसओ वेगाची फिल्म, लख्ख ऊन, एफ/१६ छिद्र आणि सुमारे १/१२५ सेकंद, हा जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा. छिद्र एफ/११ केले तर व्यास सुमारे १.४५ पट होतो, क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रकाश साधारण दुप्पट. वर्गाचा नियम येथे बोटांनी फिरवून समजतो.

वाळवंटावर आणखी एक पेच येतो. प्रकाशमापक समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे असे धरून चालतो. त्याला चकाकणारी कोरडी वाळू दाखवली की तो प्रकाश कमी करायला सांगतो. मग वाळू करडी येते आणि तिच्यावर उभ्या माणसाचा चेहरा काळवंडतो. उपाय सोपा आहे: मोजमाप वाळूचे न घेता त्या चेहऱ्याचे घ्यावे. यंत्राने दिलेला आकडा कोणत्या गृहीतकावर उभा आहे हे विचारण्याची सवय विज्ञानात सर्वत्र उपयोगी पडते.

रंग नसल्याने नजर उजेडाच्या फरकांकडे वळते. ओली वाळू काळसर का दिसते? कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा असते. हवेचा अपवर्तनांक १, क्वार्ट्झचा सुमारे १.५४. या मोठ्या फरकामुळे प्रकाश कणाकणावर विखुरतो आणि बराचसा परत फिरतो. ओल्या वाळूत हवेची जागा पाणी घेते. त्याचा अपवर्तनांक १.३३. फरक कमी झाला की प्रकाश आत खोल शिरतो आणि शोषला जातो. पाण्यातून निघालेल्या पोराची पावले छायाचित्रात काळी उमटतात ती यामुळे.

सावल्यांचेही तसेच. गंगाखेड सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास एके दिवशी दुपारी सुमारे १२ वाजून २० मिनिटांनी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी घेतलेल्या चित्रात वाळूवरच्या लहरी दिसणारच नाहीत. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना मात्र २ सेंटिमीटर उंचीच्या लहरीची सावली ११ सेंटिमीटर पडते आणि सारे वाळवंट जिवंत होते.

आता मुख्य मुद्दा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, त्यांत समुद्रस्नानाचे एक दृश्य होते. ते कृष्णधवल स्नान आजही पाहता येते. चांदीने धरून ठेवलेली नोंद अशी टिकते. आपल्या वाळवंटाची नोंद कोठे आहे? ढालेगाव, मुदगल, डिग्रस येथील बंधाऱ्यांनी गोदावरीत पाणी अडले, ते शेतीला हवेच होते. पण त्यामुळे नदीचे उन्हाळी रूप पालटले. वाळूचा उपसा तर आपण सारे डोळ्यांनी पाहतो. वाळू किती खाली गेली, याचे उत्तर मात्र ‘पूर्वी पुष्कळ होती’ एवढेच मिळते.

ते मोजता येईल. पुलाचा एक खांब निवडा. १०० मीटरवरच्या ठरावीक जागेवरून, ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने, दरवर्षी त्याच तारखेला छायाचित्र घ्या. खांबाशेजारची वाळू १ मीटर खचली तर खांबाचा उघडा भाग निगेटिव्हवर ०.५ मिलिमीटरने लांबेल. महाविद्यालयातील ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचतो. फिल्मच्या कणांमुळे तेवढी अचूकता मिळणार नाही, पण वीतभर फरक निश्चित कळेल. जत्रेच्या किंवा सहलीच्या जुन्या निगेटिव्हमध्ये असा खांब किंवा घाटाच्या पायऱ्या असतील तर ती निगेटिव्ह पुरावा ठरेल. घरातील पेट्या आणि गावातील जुने स्टुडिओ एकदा धुंडाळा.

अडचणी आहेत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्यातील ‘इंदू’ फिल्म आता मिळत नाही. तो कारखाना बंद पडला. आज मिळणारी फिल्म महाग आहे. म्हणून एका वर्गाला एक रोल पुरे: ३६ चित्रे, प्रत्येकाला एक. प्रत्येकाने वहीत तारीख, वेळ, छिद्र आणि शटरचा वेग लिहावा. एकच संधी असली की मूल दहा मिनिटे पाहते आणि मग बटण दाबते. हेच मला हवे आहे. फिल्म मिळालीच नाही, तर मोबाइलवर आयएसओ आणि शटर स्वतः ठरवून तीच वही ठेवा. मोजणी तशीही होईल. निम्मा धडा तरी पदरात पडेल.

तीन गोष्टी पाळा. आंघोळ करणाऱ्यांचे चित्र त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. वाळू उपसलेल्या ठिकाणी खोल खड्डे असतात, तेव्हा चित्रासाठी पाण्यात उतरू नका. वापरलेल्या हायपोत चांदी असते, ते नदीत किंवा विहिरीत ओतू नका.

शिक्षकांना एकच विनंती आहे. येत्या मे महिन्यात ३६ मुलांना घेऊन सकाळी सातला वाळवंटावर जा. दहा वर्षांनी त्या शाळेपाशी गोदावरीच्या वाळूचा दहा वर्षांचा हिशेब असेल, आणि तो मुलांनी स्वतः मोजलेला असेल.