बिल दिले म्हणून मालक सुटत नाही

जालन्याच्या पोलाद उद्योगाची वकिली करणारे एक अभ्यासू गृहस्थ हल्ली ठासून सांगतात, की कारखान्याने ठेकेदाराचे बिल चुकते केले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले. ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो त्याचा आणि मजुराचा प्रश्न. भट्टीवर माणूस भाजला, तर तो त्याचाच निष्काळजीपणा. हे सारे मालकाच्या माथी माराल तर उद्योग जिल्हा सोडून जातील.

उद्योग जातील ही भीती खोटी आहे. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यावा आणि ठेकेदाराकडून वसूल करावा, असे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21 मध्येच होते. तो कायदा असतानाच इथल्या सळईच्या गिरण्या वाढल्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनीही ही जबाबदारी काढलेली नाही.

खरा राग येतो तो ‘निष्काळजीपणा’चा. इंडक्शन भट्टीत स्फोट का होतो? भंगारात पाणी राहिलेले असते, बंद तोंडाचे नळकांडे किंवा डबा असतो. तो वितळलेल्या लोखंडात पडला की आतल्या वाफेला वाट मिळत नाही आणि तापलेला रस माणसांच्या अंगावर उडतो. आता सांगा, भंगार कोण विकत घेते? ते निवडायला किती माणसे आणि किती वेळ द्यायचा, हे कोण ठरवते? पाळीला किती हीट, म्हणजे वितळवणीच्या किती फेऱ्या, काढायच्या, हा हुकूम कुणाचा? माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराचा यात कुठेच शब्द चालत नाही, मजुराचा तर नाहीच. ऑगस्ट 2024 मध्ये जालना एमआयडीसीत एका कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले. एवढी माणसे एकाच क्षणी निष्काळजी झाली काय? शिवाय श्रमसंहितांआधीच्या 1923 च्या भरपाई कायद्यानुसारही मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मजुराच्या चुकीची सबब चालतच नव्हती, आणि त्याच कायद्याच्या कलम 12 ने ठेकेदाराच्या माणसाची भरपाईही मूळ मालकावर टाकली होती.

मेलेल्यालाच दोषी ठरवण्याची ही खोड जुनी आहे. 8 मे 2020 रोजी करमाडजवळ मालगाडीखाली 16 मजूर चिरडले गेले. मध्य प्रदेशातली, जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ती माणसे टाळेबंदीत भुसावळकडे पायी निघाली होती. ती रुळांवर का झोपली, हे अनेकांनी विचारले. त्यांच्यावर चालत निघण्याची वेळ का आली, हे थोड्यांनी. घनसावंगी-अंबडकडच्या ऊसतोड मजुरालाही हेच ऐकवतात : तुझा करार मुकादमाशी, साखर कारखान्याशी नाही. ऊस मात्र कारखानाच गाळतो.

करायचे ते अवघड नाही. मजुरांच्या खात्यात पगार जमा झाल्याचा पुरावा आल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये. कामाच्या पहिल्याच दिवशी मजुराच्या हाती ईएसआयचा नंबर आणि कारखान्याचे नाव असलेले ओळखपत्र असावे. ज्याला ईएसआयचे संरक्षण नाही, त्याच्या अपघाताची भरपाई आधी कारखान्याने भरावी. ठेकेदाराशी हिशेब नंतर करावा. कामगार खात्याने पगाराच्या दिवशी गेटवर येऊन हे तपासावे, आणि जिथे पगार थकला असेल तिथे नोटीस ठेकेदाराबरोबर कारखान्याच्या मालकाच्या नावानेही काढावी.